गाठीतल्या खोल्या

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा नणंदेला काय म्हणायचं हे आईने मला नीट पढवून पाठवलं होतं. ‘वन्सं’ म्हणायचं आणि म्हणताना खाली बघायचं. पहिल्याच सकाळी मी खाली बघून म्हटलं, “वन्सं, चहा.”

“मला देतेस की फरशीला?”

वर पाहिलं तर ती खिडकीपाशी उभी राहून एका पांढऱ्या कोटाला गुंडी लावत होती. दोरा तोंडात धरलेला, त्यामुळे शब्द दातांतून येत होते. दोरा तोडून ती म्हणाली, “आणि वन्सं नको. कोणीतरी दात पडलेलं माणूस वाटतं. ताई म्हण.”

तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती आणि मी एकोणीस. आता मी ऐंशी ओलांडली आहे. गेल्या आठवड्यात काय केलं हे विचारलंत तर सांगता येणार नाही, पण त्या कोटाच्या खिशावर जांभळ्या रंगाचा डाग नेमका कुठे होता ते अजून बोट ठेवून दाखवीन.

ताई कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात छेद घ्यायची. हे काम आता फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. झाडाचं खोड, मूळ, देठ, जे असेल त्याची इतकी पातळ चकती कापायची की तिच्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. ती रंगात बुडवायची, काचपट्टीवर ठेवायची, वरून नखाएवढी पातळ काच लावायची. मग मुलं ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून वहीत चित्र काढतात आणि परीक्षेत विसरतात. ताईचं हत्यार म्हणजे एक वस्तरा. बारीक काडी बोटांत धरता येत नाही, म्हणून गाजराला चीर द्यायची, काडी त्यात बसवायची आणि गाजरासकट कापायची. विभागाची गाजरं आणणं हेही तिच्याकडेच होतं. भाजीवाल्याने एकदा न राहवून विचारलं, “बाई, रोज एवढी गाजरं? घरात ससे पाळलेत की काय?”

“दोन आहेत,” ताई म्हणाली. “एक भाऊ आणि एक भावजय.”

तिचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत मोडलं होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. ती स्वतः बोललीच तर ‘मी तिकडे होते तेव्हा’ एवढंच म्हणायची. परत आल्यावर विभागात ती बाटल्या धुवायला लागली. छेद घ्यायला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ होते. ते कुणाला काही शिकवायचे नाहीत. कोणी जवळ आलं की पाठ करून बसायचे. ताई बाटल्या पुसता पुसता समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांचे हात बघायची. तीन वर्षं तिने असं काचेतलं उलटं बघितलं, आणि घरी येऊन मेणबत्तीच्या तुकड्यांवर वस्तऱ्याने सुलटं केलं. ते गृहस्थ गेले तेव्हा विभागात वस्तरा धरता येणारी तीच एकटी होती. तिला कोट मिळाला, खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि नोंदवहीत पदाचं नाव मिळालं. संध्याकाळी ती कामावरून परत यायची तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं ‘कॉलेजातल्या बाई आल्या’ म्हणायची. नवऱ्याने टाकलेली म्हणून जिला वीस वर्षांपूर्वी ओळखत होती, तीच माणसं.

मला घरात येऊन सहा महिने झाले तेव्हा ताईने मला तिथेच काचपट्ट्या धुण्याच्या रोजंदारीवर चिकटवलं. हे म्हणाले, “दोघी गेलात तर घर कोण बघणार?”

“घर कुठे पळून चाललंय?” ताई म्हणाली. “आणि पळालंच तर तू आहेस की धावायला.”

विभागाच्या मागे बॉयलरची खोली होती आणि तिच्या भिंतीला लागून काळ्या बेरीची जाळी माजली होती. माणसाच्या उंचीची, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या, आणि काटे असे की आत हात घातला तर जाताना काही बोलायचे नाहीत, परत येताना धरून ठेवायचे. पानं गळायला लागली त्या आठवड्यात ताई मला तिथे घेऊन गेली. एका फांदीवर मधोमध बोटभर लांबीची सूज होती. तपकिरी, खडबडीत, वर बारीक बारीक उंचवटे.

“शी! हा कसला रोग?”

“रोग नाही गं,” ताई म्हणाली. “बिऱ्हाड आहे.”

तिने फांदी कापली, काटे खरवडले आणि ती गाठ माझ्या हातात दिली. लाकडासारखी टणक होती. मग तिथेच, बॉयलरच्या भिंतीची ऊब घेत, तिने मला जे सांगितलं ते मी पुढे कित्येकांना सांगितलं, पण तिच्यासारखं मला कधी सांगता आलं नाही. एक माशी असते. गांधीलमाशीच्या कुळातली, पण डासाहून लहान, काळी, तांबूस पायांची. ती कुणाला चावत नाही, डसत नाही. वसंतात ती या झुडपाच्या कोवळ्या फांदीत अंडी घालते आणि निघून जाते. माती आणत नाही, काडी आणत नाही, भिंत बांधत नाही. पुढचं सगळं झुडूप करतं. अंड्याभोवती फांदी फुगायला लागते आणि प्रत्येक आळीला एक वेगळी खोली तयार होते. बाहेरून लाकूड, आतून मऊ अस्तर. आळी ते अस्तर खाते. अस्तर खाऊन ती मोठी होते, हिवाळाभर त्याच खोलीत निजून राहते आणि पुढच्या वसंतात भोक पाडून माशी होऊन बाहेर पडते.

“म्हणजे भिंती खायच्या आणि त्याच घरात राहायचं?”

“आणि घर पडत नाही. आपल्याकडे नुसता खिळा ठोकला तरी पोपडे पडतात.”

“पण ती माशी झाडाला सांगते काय, की बाबा रे, एवढ्या खोल्या बांध?”

“ते आमच्या विभागप्रमुख सरांनाही माहीत नाही,” ताई म्हणाली. हे सांगताना तिला भारी आनंद झालेला दिसत होता. सरांना माहीत नाही याचा नव्हे. असं काहीतरी अजून जगात शिल्लक आहे याचा.

मग तिने गाठ माझ्या हातून घेतली, डोळे मिटले आणि अंगठा सावकाश तिच्यावरून फिरवला. “अकरा,” ती म्हणाली. “नाही, बारा. एक खाली दडलीय.” टेबलाशी जाऊन तिने शाईने गाठीवर बारा ठिपके दिले, गाठ ओली केली आणि वस्तरा लावला. लाकडाचे पापुद्रे एकेक करून निघत गेले. शेवटचा पापुद्रा निघाला तेव्हा खोल्या उघड्या पडल्या. मोजल्या तर बारा. प्रत्येकीत तांदळाच्या कणीएवढी एक पांढरी आळी, अंग मुडपून, जशीच्या तशी. एकीलाही पातं लागलं नव्हतं.

“भिंत कापायची,” ताई म्हणाली, “भाडेकरू नाही.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक गोल उजेड, त्यात मधाच्या रंगाची भिंत, भिंतीला पाणीदार मण्यांसारखं अस्तर आणि मधोमध ती आळी. तिचं तोंड हलत होतं. मी किती वेळ तशी वाकून राहिले कोण जाणे. ताई मागून म्हणाली, “वहिनीबाई, आता बाकीच्या काचा आपोआप धुतल्या जाणार आहेत का?”

पुढच्या वर्षी यंत्र आलं.

मोठ्या खोक्यातून, भुश्शात बसवून आलं. काळं, जड, बाजूला एक चाक. मेणाच्या ठोकळ्यात वस्तू बसवायची, चाक फिरवायचं की पात्याखालून चकत्या एकमेकींना चिकटून रिबिनीसारख्या बाहेर यायच्या. एका मिनिटात साठ. यंत्राबरोबर एक गृहस्थ आले. चाळिशीचे, गोल, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. आधी सोळा वर्षं एका दवाखान्याच्या तपासणी विभागात होते. ताईने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव मेणवाले ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी शिपाईसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

ताई यंत्रासमोर अर्धा तास उभी होती. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. ती म्हणाली, “छान आहे गं. बघ ना, कसं एकसारखं येतंय. माझ्या हाताला हे कधी जमायचं नाही.”

हे ती खरंच म्हणत होती आणि त्याचाच मला राग आला. कारण सरांनी सकाळीच तिला बोलावून सांगितलं होतं. सर वाईट नव्हते. सांगताना टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत होते. कॉलेजच्या समितीचा निर्णय असा होता की वर्षअखेरीला हाताने छेद घेण्याचं पद ठेवायचं की नाही ते ठरवायचं, आणि यंत्राला जे जमणार नाही तेवढ्यासाठीच ते ठेवायचं. विभागाला लागणाऱ्या एकतीस वस्तूंची यादी त्यांनी फळ्याशेजारी लावली. यंत्राने एखादी वस्तू नीट कापली की सर लाल पेन्सिलीने तिच्यावर खूण करणार.

घरी हे म्हणाले, “मग राहील की घरी. काय कमी आहे आपल्याकडे तिला?” ते प्रेमानेच बोलले. ताई ताट उचलून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती नळ सोडून नुसती उभी होती. त्या दिवशी मला कळलं की कोट गेला म्हणजे काय जाणार होतं. कोट गेला की ती भावाकडे राहणारी बहीण उरणार होती.

मेणवाले कामाला हुशार होते. दोन महिन्यांत यादीवर सव्वीस लाल खुणा झाल्या. मुळं झाली, देठ झाले, पानं झाली, कळ्या झाल्या. हिवाळा लागेपर्यंत तीस झाल्या. एकतिसावी ओळ होती ‘बेरीच्या फांदीवरील कीटकगाठ, उभा छेद’.

“ताई,” मेणवाले हसून म्हणाले, “सोळा वर्षं मी माणसांची यकृतं कापली. ही काडी काय चीज आहे!”

“यकृताला काटे नसतात,” ताई म्हणाली.

पहिली गाठ यंत्राला लावली तेव्हा टक्‌ असा आवाज झाला आणि पात्याचा टवका उडाला. दुसरीचा भुगा झाला. तिसरी मेणातून उडून खिडकीच्या काचेवर आपटली आणि मेणवाल्यांनी खाली बसून डोक्यावर हात घेतले, जणू काही गोळीबार चालू आहे. मी काचा धुताना तोंड फिरवून हसले. मनात म्हटलं, माशीबाई, तुमच्या भिंतींना माझा नमस्कार.

पण तो माणूस चिवट. गाठी मऊ करायला त्याने त्या ग्लिसरिनमध्ये भिजत घातल्या, तीन आठवडे थांबला, मग मेणात बसवल्या. आणि एका सोमवारी रिबिनी सुरळीत बाहेर आल्या. काचपट्ट्या तयार झाल्या, सगळे जमले. सरांनी डोळा लावला आणि म्हणाले, “वा!” खोल्यांच्या कडा कोरल्यासारख्या स्वच्छ दिसत होत्या. एकामागून एक खोल्या, सगळ्या रिकाम्या.

“आळ्या?” सरांनी विचारलं.

“नाहीत, सर. वीस गाठी कापल्या. एकीतही नाही.”

सर विचारात पडले. ते तेव्हा मुलांसाठी प्रात्यक्षिकांचं नवं पुस्तक लिहीत होते. ते तिथेच उभ्या उभ्या म्हणाले, “म्हणजे हिवाळ्यापर्यंत कीटक निघून जात असावेत. तसं लिहायला हवं.” लाल पेन्सिल त्यांच्या खिशातच होती, पण खूण करायला ते शुक्रवारपर्यंत थांबले. शुक्रवारी समितीचे लोक येणार होते.

सगळे गेल्यावर तिने मेणवाल्यांच्या तबकातले उरलेले तुकडे उचलले, उजेडात धरले आणि तिच्या ओठांची एक बाजू वर गेली. घरी जाताना रस्त्यात तिने मला सांगितलं. त्या माणसाने सगळ्या जुन्या गाठी तोडून आणल्या होत्या. गेल्या वर्षीच्या, राखाडी पडलेल्या, सुकलेल्या फांद्यांवरच्या. त्यांना भोकं होती. भोकं पाडून माश्या वसंतातच निघून गेल्या होत्या.

“पण भोकाच्याच का आणल्या?”

“कारण तो मेणाचा माणूस आहे. भोकातून मेण आत चांगलं शिरतं. तुकडा बघितला की तो आधी बघणार मेण कुठून शिरेल. त्याच्या दवाखान्याच्या हिशेबाने त्याने सगळ्यांत चांगला माल निवडला गं. मेलेल्या घरांचा.”

मी रस्त्यातच टाळी वाजवली. “मग उद्या सांगा सरांना! ताज्या गाठीत मेण शिरणार नाही, यंत्र अडकणार, तुमचं पद राहणार!”

“सरांना सांगणारच आहे,” ताई म्हणाली. “पुस्तकात खोटं छापलं जाईल नाहीतर.”

दुसऱ्या दिवशी तिने सरांच्या टेबलावर ताजी गाठ ठेवली, उघडली आणि नऊ आळ्या दाखवल्या. सर आधी लाल झाले, मग खुर्ची ओढून बसले आणि शाळेतल्या मुलासारखे बघत राहिले. मेणवाले दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. वीस गाठी, तीन आठवडे, आणि सगळ्या रिकाम्या! पण त्यांनी सबब सांगितली नाही. जाळीत जाऊन ताज्या गाठी आणल्या, लावल्या. अर्थात मेण आत शिरलं नाही. आळ्या सुटून पडल्या, पात्याने त्यांचा लगदा केला. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी ते ताईच्या टेबलासमोर स्टूल घेऊन बसले. हाताला काट्यांचे ओरखडे होते.

“ताई, एक विचारू? आळी आत कशी टिकवायची?”

मी नळाखाली काच धरून उभी होते. मी पाणी बंद केलं. आता ती म्हणेल, तुमचं तुम्ही बघा. म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. नुसती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. एकतिसावी ओळ कोरी राहिली असती आणि त्या ओळीवर तिचं सगळं होतं.

ताईने वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाली, “अंगठा द्या इकडे.”

तिने त्यांचा अंगठा धरून गाठीवर फिरवला. “हा उंचवटा लागला? ही खोली. हा? ही दुसरी. आता यांच्या मध्ये खळगा आहे, ती भिंत. डोळे मिटा. डोळे उघडे ठेवलेत तर अंगठा आळशी होतो.” मग तिने वस्तऱ्याने गाठीच्या दोन्ही अंगांनी पापुद्रे काढले, इतके की खोलीवर नुसता कांद्याच्या सालीएवढा पडदा राहिला, आणि त्याला सुईने बारीक टोचलं. “ही खिडकी. समोरासमोर दोन. एकीतून हवा जाईल, दुसरीतून मेण येईल. आणि घाई नको. मेणात एक दिवस नाही, चार दिवस. आळी जागची हलणार नाही.”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मला मेण कुठे लावायचंय? तुमच्या यंत्राकडे बघून बघून सुचलं.”

त्या माणसाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “ताई, हे मला सांगितलंत म्हणजे...”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “टोचा आता. हलक्या हाताने. आळी आहे ती, इंजेक्शन द्यायचं नाहीये.”

संध्याकाळी मी तिच्या चार पावलं पुढेच चालत राहिले. अख्खा रस्ता. घराच्या कोपऱ्यावर मात्र मला राहवलं नाही आणि मी भर रस्त्यात ओरडले, “का सांगितलंत? काय गरज होती? तो तुमचा कोण लागतो?”

“कोणी नाही.”

“मग?”

ताई थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “बावीस वर्षं मी तिथे बसते,” ती म्हणाली. “एवढी मुलं आली, एवढे मास्तर आले. वा म्हणाले, छान म्हणाले. हे कसं करता, असं एकाने विचारलं नाही. हा पहिलाच. आणि तो विचारतोय तेव्हा मी पाठ करून बसू?”

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

शुक्रवारी समितीचे लोक आले तेव्हा एकतिसावी वस्तू मेणात होती. त्यांनी मुदत दिली. मंगळवारी रिबिनी बाहेर आल्या. प्रत्येक खोलीत आळी, अस्तरासकट, आणि एकाच गाठीच्या साठ चकत्या, एकसारख्या. साठ मुलांना एका वेळी बघता येतील अशा. सरांनी लाल खूण केली. मी बघितलं, पेन्सिल जोरात दाबल्यामुळे तिचं टोक मोडलं.

त्या रविवारी सर आमच्या घरी आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. आमच्या पुढच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून राहिले.

“बाई, मेणवाल्यांनी मला सगळं सांगितलं. खिडक्यांचं. ते समितीपुढेही बोलले. मीही शब्द टाकून पाहिला. नाही ऐकलं कोणी.”

“ऐकायचे नाहीतच,” ताई म्हणाली. “त्यांनी ठरवून दिलं होतं तसंच झालं. पुस्तकातलं ते वाक्य बदललंत ना?”

“बदललं. ‘हिवाळ्यात प्रत्येक खोलीत एक आळी आढळते.’”

“आणि जुन्या गाठी?”

सर गडबडले. “त्यांचं काय?”

“त्यांना भोकं असतात हे लिहा. नाहीतर पुढचा मेणवाला पुन्हा त्याच आणेल.”

सरांनी खिशातून कागद काढला आणि गुडघ्यावर धरून तिथेच लिहिलं. मग म्हणाले, “ग्रंथालयात एक जागा आहे. पुस्तकं देण्याघेण्याची. मी बोलून ठेवलंय.”

“पुस्तकांत आळ्या असतात का हो सर?”

“कसर असते. भरपूर.”

“मग विचार करते,” ताई म्हणाली आणि ते दोघं हसले. सर हसता हसता थांबले आणि एकदम उठून उभे राहिले. जाताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला नाही की काही मोठं बोलले नाहीत. फक्त दारात चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

ते गेल्यावर मी रडले. ताई म्हणाली, “रडायचंच असेल तर त्या चहासाठी रड. पाक पाजलास त्या माणसाला.”

महिनाअखेरीला शनिवार होता. तिने कोट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून भांडारात जमा केला. वस्तरा तिचा स्वतःचा होता, तो मात्र घरी आणला. रविवारी दिवसभर ती झोपली. ती इतकी झोपू शकते हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. हे तीनदा जाऊन बघून आले, श्वास चालतोय ना म्हणून.

सोमवारी माझी निघायची वेळ झाली. मी डबा भरताना आवाज होऊ नये म्हणून झाकण दाबून लावत होते, तर मागून आवाज आला, “चल, उशीर होतोय.” तिने यांचा जुना स्वेटर घातला होता, कोपरावर ठिगळ लावलेला.

“ताई, तुम्ही कुठे?”

“फाटकापर्यंत. पाय मोकळे करते.”

फाटकाशी ती थांबली. थंडी होती, बॉयलरचं धुराडं पांढरा धूर सोडत होतं. मुलं घोळक्याने आत चालली होती आणि त्यांतल्या दोघी-तिघींनी सवयीने “नमस्कार बाई” म्हटलं. ताईने मान हलवली. मी पुढे जाणार तेवढ्यात बॉयलरच्या खोलीमागून ओरडा ऐकू आला.

“अहो! कोणी आहे का? अहो!”

आम्ही दोघी धावलो. जाळीच्या पार आत, कंबरेपर्यंत काट्यांत, मेणवाले उभे होते. एक हात वर, त्यात तोडलेली फांदी. दुसऱ्या बाहीला मागून तीन फांद्यांनी धरलेलं. चष्मा एका काट्यावर लटकत होता आणि ते त्याच्याकडे आशेने बघत होते.

“कधीपासून आहात?” ताईने विचारलं.

“साडेसात.”

“बाप रे. आणि मिळाल्या किती?”

त्यांनी वरचा हात हलवला. “ही एक. भरलेली आहे, ताई. डोळे मिटून बघितली. आठ आहेत.”

ताई जाळीच्या कडेने पुढे गेली. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून तिने पहिली फांदी बाजूला केली, हात लांब करून काट्यावरचा चष्मा काढला आणि स्वेटरला पुसून त्यांच्या नाकावर बसवला. मला वाटलं, आता ती त्यांना बाहेर काढेल. पण तिने फांदी पुन्हा सोडून दिली.

“आत आलाच आहात,” ती म्हणाली, “तर बाहेर पडण्याआधी खालच्या फांद्या बघून घ्या. चांगल्या गाठी मुळाजवळ असतात. वाका. आणखी वाका. वहिनी, तू जा गं, काचा वाट बघतायत. आम्हाला वेळ लागेल.”